घारीचा वाटा

पहिली घार जनाकाकीच्या सुकटीवर पडली.

अठ्ठ्याऐंशी साल, संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. शेजारच्या जनाकाकीनं खळ्यात जवळा वाळत घातला होता आणि काठी घेऊन ती कावळे हाकत बसली होती. वरून धप्पकन काही पडलं. काकीला वाटलं, चोरटी आली. काठी उगारून ती धावली.

"दिवसाढवल्या? मुडदा बशिवला तुजा!"

घार उठली नाही. पंख पसरून जवळ्यावर पालथी पडली होती. मान एका बाजूला ओढलेली, चोचीतून लाळेची तार लोंबत होती. काकीनं काठीच्या टोकानं तिला उलथी केली. पायांच्या मुठी इतक्या आवळलेल्या होत्या की नख्या तिच्याच तळव्यात रुतल्या होत्या.

"माले," काकी मला म्हणाली. आवाजातली शिवी गेली होती. "तुजे बापासला बोलाव."

बाबा फाटलेलं जाळं तुणत बसले होते, ते तसंच टाकून आले. उकिडवे बसून त्यांनी घारीची मूठ सोडवायला घेतली. एक बोट उलगडलं की दुसरं वळे. मग एकदम सगळीच बोटं सैल झाली. बाबांनी हात मागं घेतला.

"गेली," ते म्हणाले.

बाबा गेल्या पावसाळ्यात वारले. समाचाराला आलेल्या माणसांनी त्यांच्या पोहण्याच्या, त्यांच्या रागाच्या, भंडाऱ्यात त्यांनी एकट्यानं उचललेल्या हंड्याच्या गोष्टी सांगितल्या. घारीची गोष्ट कुणी काढली नाही. ती गावाला आठवत नाही असं नाही.

आमच्या गावात डोल, म्हणजे खाडीत रोवलेल्या खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं, वर काढली की पहिली मूठ पाटीत पडत नाही. ती घारीची. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाशी, उभं राहून, तोंड वर करून ती हवेत उडवायची. "घे गो बाय, तुजा वाटा," एवढंच म्हणायचं. घारी त्या वेळेला आधीच वर फिरत असतात. पांढऱ्या डोक्याची, तांबड्या अंगाची घार खाली झेपावते आणि मासा पाण्याला टेकू न देता उचलते. मासा पाण्यात पडला तर त्या दिवशी धंदा नाही, असं जुनी माणसं म्हणत. बाबांचा मासा क्वचितच पडे. कॉलेजात गेल्यावर मी एकदा म्हटलं होतं, ही अंधश्रद्धा आहे. बाबा म्हणाले, "असंल. पन भुकेली तर हाय ना ती?"

त्या हिवाळ्यात पाणी बदललं. मानपाड्याच्या बाजूनं कारखान्यांचा नाला येतो तो आमच्या खुंटांच्या जरा वर खाडीला मिळतो. तो आधीही स्वच्छ नव्हता. पण त्या वर्षी ओहोटीला त्याच्या तोंडातून जाड, पिवळट फेस यायचा आणि त्याच्या मागून तेलासारखं काळं पाणी. काठच्या तिवरांच्या झाडांच्या मुळांवर त्याची रेघ बसली. पाण्यात उभं राहून खुंट सावरताना बाबांच्या पोटऱ्यांना फोड आले. आई त्यावर खोबरेल लावी आणि ते "चुलीत घाल तुजा त्याल" म्हणून पाय ओढून घेत. बोय मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडमीट करायचे. जाळं जड यायचं, पूर्वीपेक्षा जड, कारण मासे पळतच नव्हते.

आई ती मासळी डोंबिवलीच्या बाजारात घेऊन गेली. मी कॉलेजला जाताना तिची पाटी उचलून द्यायला बाजारापर्यंत जायची, म्हणून मी ते पाहिलं. एका बाईनं बोय हातात घेतली, कल्ला उघडला, नाकाशी नेली आणि आईच्या तोंडासमोर धरली.

"मावशी, तूच वास घे. घासलेट आहे का मासा?"

"ताजी हाय, ताई. आजची हाय."

"ताजं घासलेट!" बाई शेजारणीकडे बघून हसली आणि मासा पाटीत न ठेवता वरून टाकला. त्याचं पाणी आईच्या चेहऱ्यावर उडालं. आईनं ते पुसलंही नाही. दुपारी ती भरलेली पाटी परत घेऊन आली.

विकली नाही ती मासळी घरात शिजते. आईनं चिंच जास्त घातली, लसूण जास्त घातला. आम्ही खाल्ली आणि सगळी ओकलो. दुसऱ्या दिवशी बाबांनी ठरवलं, ही माणसाला द्यायची नाही. मग करायचं काय? पोटच्या पोरासारखं वागवलेलं जाळं, त्यात आलेला जीव, तो चिखलात कसा फेकायचा?

"घारींना घालू," बाबा म्हणाले.

"त्या नाय मरायच्या?" आईनं विचारलं.

"घारीचे पोटात अग्नी असतो गो. मेलेला उंदीर जिरवते ती, साप जिरवते. तिला काय घासलेट?"

ही गावातल्या सगळ्यांचीच समजूत होती. लहानपणापासून आम्ही हेच ऐकलं होतं: घारीच्या पोटात अग्नी असतो. त्यामुळे त्या दिवसांत बाबांनीच नाही, शेजारच्या होडीवरच्या शिवरामकाकांनी, सगळ्या होड्यांनी आपापल्या पाट्या बांधावर उलटल्या. आकाश घारींनी भरलं. मुलं बघायला जमली. कुणीतरी म्हणालं, गावात लग्न असल्यासारखं वाटतं.

त्यानंतर जनाकाकीच्या सुकटीवर ती पडली. मग देवळाच्या पत्र्यावर एक. तिवरात, चिखलात, खळ्यात. बाबांनी एका मेलेल्या घारीची चोच उघडली तर घशात अर्धी बोय होती. मग त्यांनी हात खाडीच्या पाण्यात धुतले आणि त्याच पाण्यात धुतले हे लक्षात येऊन लुंगीला पुसले.

"मीच घातलंय," ते म्हणाले.

गावानं घारी बांधाच्या कडेला पुरल्या. जनाकाकीनं हळद वाहिली. गावच्या तक्रारीवरून ठाण्याहून प्रदूषण खात्याचा एक साहेब जीपमधून आला. त्याच्याबरोबर नाल्यात पाणी सोडणाऱ्या कंपनीचा एक माणूस होता. साहेबानं नाकाला रुमाल लावला होता आणि तो रुमालातूनच बोलत होता.

"हा वास चिखलाचा आहे. खाडीला येतोच."

"तर रुमाल काडा ना, साहेब," जनाकाकी म्हणाली. बायका हसल्या. साहेबानं रुमाल काढला नाही.

"संक्रांत झाली आत्ताच. पतंगाच्या मांज्यानं घारी पडतात. दर वर्षी पडतात."

"मांज्यानं चोचीतनं लाल गलते का?" बाबांनी विचारलं. "मुठी वलतात?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

आता कंपनीचा माणूस हसला. आणि त्याच्यामागे शिवरामकाका हसले. त्यांचे खुंट आमच्या खुंटांना लागून होते आणि त्यांचा जावई त्याच कंपनीच्या गेटवर होता. मला ते हसणं अजून ऐकू येतं. त्यात दुष्टपणा नव्हता, तेच वाईट.

साहेब जीपकडे वळला, मग बरं वाटावं म्हणून म्हणाला, "हे बघा. ठाण्याला जखमी पक्ष्यांचं केंद्र आहे. एखादी घार जिवंत सापडली तर तिथे न्या आणि पक्षी कशानं आजारी पडला ते लिहून आणा. पाणी असं लिहिलेलं असेल तर मी नाला बंद करायला लावतो. माझा शब्द."

बाबांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला. मीही ठेवला.

दोन दिवस त्यांनी डोल टाकलीच नाही. भर उन्हात तिवरांत मांडीभर चिखलातून फिरत राहिले, जिवंत घार शोधत. मिळाली ती तिवराच्या मुळांत अडकलेली, तांबड्या अंगाची. मुठी वळलेल्या होत्या, पण डोळा फिरत होता. बाबांनी तिला सदऱ्यात गुंडाळून उघड्या अंगानं घरी आणलं. मासळीच्या टोपलीत आईचं जुनं लुगडं अंथरलं, वरून झाकलं, आणि आम्ही रिक्षानं मानपाडा नाक्यावर येऊन ठाण्याची एसटी पकडली.

कंडक्टरनं दारातच अडवलं. "मासळी नाय चालणार, काका. एखादा टेम्पो बघा."

"मासली नाय. घार हाय."

"घार?" त्यानं लुगड्याचा कोपरा उचलला आणि पटकन सोडला. "आयला! जिवंत आहे की. हिचं फुल तिकीट का हाफ?"

"जगली तर फुल देतो," बाबा म्हणाले.

गाडीतली माणसं हसली. पुढच्या सीटवरची एक बाई मात्र उठून मागे जाऊन बसली. शुभ कामाला निघालेय, म्हणाली. बाबा सबंध रस्ता टोपली मांडीवर धरून होते. गाडी खड्ड्यात आदळली की ते स्वतःचं अंग वर उचलत, टोपलीला धक्का लागू नये म्हणून.

केंद्र म्हणजे एका जुन्या बंगल्याच्या मागची पत्र्याची शेड होती. पिंजरे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर दगडी पाटी टांगलेली आणि तिच्यावर खडूनं लिहिलेलं: कोणता पक्षी, कुठून आला, कारण काय. नीला नावाची एक बाई तिथे रोज विनामोबदला काम करायची. माझ्यापेक्षा थोडी मोठी, सुती साडी, हातावर ओरखड्यांच्या जुन्या-नव्या रेघा. ती चांगली होती. हे मला सांगितलंच पाहिजे. तिनं घार हातात घेतली ती आई तापातलं मूल घेते तशी, आणि डॉक्टरांना हाक मारली. त्या दोघांनी घारीच्या घशात नळी घालून कोळशाचं काळं पाणी भरलं, पोट धुतलं, सुई दिली, अंधाऱ्या खोक्यात ठेवलं. तेवढा वेळ बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कुणी बस म्हटलं नाही, आणि चिखलाच्या पायांनी ते आपणहून बसले नाहीत.

मी पाट्या वाचत होते. घार: मांजा. शिक्रा: काचेवर आपटला. गव्हाणी घुबड: झाड तोडलं. घार: विजेची तार. पुन्हा घार: मांजा. पुन्हा मांजा.

नीलानं कोरी पाटी घेतली. "कशामुळे झालं?" तिनं मला विचारलं. बाबांना नाही.

मी सांगायला लागले. नाला, फेस, बाजार, साहेबाचा शब्द. ती ऐकत होती, मान हलवत होती.

"पण तुमच्याकडे मेलेला पक्षी आहे का? मुंबईला पाठवून त्याच्या पोटातलं तपासून घेता आलं असतं."

"मेलेल्या आमी पुरल्या," बाबा म्हणाले. "हलद वाहून."

"किती दिवस झाले?"

"झालं आता."

डॉक्टरांनी खांदे उडवले. जिवंत पक्ष्याचं पोट उघडता येत नाही आणि धुतलेलं पाणी नळाखाली गेलं होतं. "पाणी म्हणून मी लिहिणार नाही," ते म्हणाले. "मी पाणी पाहिलेलं नाही." आणि ते हात धुवायला आत गेले.

"मग चला बगायला," बाबा त्यांच्या पाठीला म्हणाले.

ते आले नाहीत. बाबा नीलाच्या समोर आले.

"बाय, मी सांगतो तसा लिवा. हिला मी मासे घातलं. माज्या हातानं."

"काय?"

"मी घातलं. मी धाकू. लिवा नाव."

नीलाचा खडू थांबला. तिनं आवाज खाली आणला. "काका, असं कुठे बोलू नका. हा संरक्षित पक्षी आहे. तुम्ही घातलं असं मी लिहिलं ना, तर पोलीस तुमच्याकडे येतील. कंपनीकडे नाही."

"येऊ द्या. आले तर इचारतील, मासे कुटून आनलंस. मी दाखवीन."

"नाही विचारणार, काका."

"बाबा, ती खरं सांगतेय," असं मी म्हणाले नाही. पण ती खरंच सांगत होती. नीलानं त्यांच्याकडे फार मायेनं पाहिलं आणि पाटीवर एक शब्द लिहिला. तोच तिनं केंद्राच्या कागदावर लिहून शिक्का मारला.

बाबांना वाचता येत नव्हतं. "माले, काय लिवला?"

"अपघात."

"म्हंजे?"

"म्हणजे चुकून झालं."

"कुनाचे चुकीनं?"

मी नीलाकडे पाहिलं. ती पिंजऱ्याची कडी बघत होती.

"कुणाच्याच नाही," मी म्हणाले.

बाबांनी अंगठा जिभेला लावला, ते पुढे झाले आणि त्यांनी पाटीवरचा शब्द पुसला. शेडमधला गडी धावत आला आणि त्यानं बाबांचा हात मनगटाला धरून मागं ओढला. "ए म्हाताऱ्या, हात नाय लावायचा!" बाबा पन्नाशीचेही नव्हते.

"माजा नाव लिवा गो बाय," बाबा म्हणाले. हात अजून त्या गड्याच्या मुठीत होता. "मंग निदान कुनीतरी केला असा तरी होईल."

नीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं गड्याला हात सोडायला सांगितलं. आणि ओल्या पाटीवर तिनं पुन्हा तोच शब्द लिहिला, आधीपेक्षा ठळक. मला कंपनीचा राग येतो तो रोजच्यासारखा, पावसाचा यावा तसा. नीलाचा राग येतो तेव्हा मात्र मी हातातलं काम टाकून उठते. तिनं बाबांना वाचवलं. त्यांनी तिला ते करायला सांगितलं नव्हतं.

साहेबानं कागद पाहिला आणि तो खूश झाला. गावाची बैठक देवळात भरली, तिथे शिवरामकाकांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. काका सातवी शिकलेले. शिक्क्यापासून सहीपर्यंत सगळं त्यांनी वाचलं.

"अपघात. काय धाक्या, ऐकलंस? ठाण्याचे डॉक्टरानं लिवलाय. पान्यात काय नाय."

"पानी डॉक्टरानं बगितलाच नाय."

"तो शिकलेला, त्याला बगायला लागत नाय."

लोक हसले. ते हसणं सुटकेचं होतं. पाण्यात काही आहे म्हटलं तर जाळी घेऊन जायचं कुठे, हे कुणालाच माहीत नव्हतं. कागदानं सगळ्यांना परत खाडी दिली. मासे थोडे कमी वासाचे येत होते, कंपनी फेस आता फक्त रात्री सोडायची, आणि होड्यांवरून पुन्हा "घे गो बाय" ऐकू येऊ लागलं. उरल्यासुरल्या घारी परत फिरू लागल्या. अधूनमधून एखादी पडे. गाव म्हणे, मांजा.

बाबांनी वाटा देणं बंद केलं. पहिली मूठ ते चिखलात पुरत, हातानं खड्डा करून, कोपरापर्यंत. जाळ्यात कमी आलं की शेजारच्या होडीवरून टोमणा येई: "घारीचे तोंडचा काडल्यावर द्यायचा कोन?" पोरं त्यांना घारमाऱ्या म्हणू लागली. आई भांडायला उठली की बाबा म्हणत, "खोटा काय बोलतात?"

शिमग्याच्या सुमारास केंद्राची गाडी आली. नीला स्वतः आली होती, मांडीवर भोकांचं खोकं घेऊन. तिचा चेहरा फुलला होता.

"काका, जगली! तुमच्यामुळे जगली. आज सोडायची."

बाबांनी खोक्यावर कान ठेवला. आत खुरखुर झाली. त्या महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. "फुल तिकीट लागल आता," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कुटं सोडनार?"

"जिथे सापडली तिथेच. तसाच नियम आहे. तिचा स्वतःचा इलाखा, तिचं घरटं असतं ना."

"इथं नाय."

"काका, दुसरीकडे सोडली तर बाकीच्या घारी तिला मारतील."

"इथं नाय, बाय. दूर ने. डोंगराला ने. तुमचे शेडमंदीच ठेव." ते खोक्यासमोर हात पसरून उभे राहिले. "बरी करून इथं आनता? मंग बरी केली कशाला?"

नीला माझ्याकडे पाहू लागली, मी समजूत काढीन म्हणून. मी काढली नाही. पण गाव जमलं होतं, ड्रायव्हरला परत जायचं होतं, आणि शिवरामकाकांनी बाबांच्या खांद्याला धरून त्यांना बाजूला घेतलं, हळूच, दारुड्याला घेतात तसं. खोकं उघडलं. घार बांधावर उतरली, तिनं पंख झाडले, डाव्यात एक पीस कमी होतं, आणि ती उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीलाही वाजवत होती आणि रडत होती. मग गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी बाबांबरोबर होडीत होते. वल्ह्याला माणूस नव्हता. बाबांनी डोल वर घेतली तशी ती आली. उडताना डाव्या पंखाचं एक पीस कमी दिसत होतं, तीच होती. आमच्या होडीवर खालून खालून फिरू लागली, शीळ घालत, इतकी खाली की तिची सावली बाबांच्या अंगावरून जात होती.

"जा," बाबा म्हणाले.

ती पुन्हा आली.

"जा, निघ! मर तिकडं कुटं!" त्यांनी माझ्या हातातलं वल्हं हिसकून पाण्यावर आपटलं. जाळ्यात आलेला चिखलाचा गोळा उचलून तिच्यावर फेकला. आणि मग त्यांच्या तोंडून जी शिवी निघाली ती मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती. साहेबासमोर, कंपनीच्या माणसासमोर, शेडमधल्या गड्यासमोर त्यांनी ती गिळली होती. ती सगळी त्यांनी घारीला दिली. दुसरा गोळा तिला लागला. ती हवेत कलली, सावरली आणि वर गेली.

बाबा धापा टाकत होते. "गेली," ते म्हणाले. "गेली ना?"

ती गेली नव्हती. मोठा फेरा घेऊन ती पलीकडे शिवरामकाकांच्या होडीवर आली होती. त्यांची डोल नुकतीच वर आली होती. काका नाळेवर उभे राहिले आणि त्यांनी तोंड वर केलं.

"शिवरामा!" बाबा ओरडले. "नको रं! शिवरामा!"

वारा आमच्याकडे येत होता. त्यांचं ओरडणं तिकडे पोचलं नाही. काकांचा आवाज मात्र आम्हाला स्वच्छ ऐकू आला. आनंदी होता. "घे गो बाय," काका म्हणाले, आणि मासा पाण्याला टेकला नाही.